आश्व्याच्या पाण्यात नवखेपणा आणि आपली जागा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. तुम्ही मूळच्या पुण्याच्या, वय ३८, दीड वर्षापासून गोव्यात पर्वरीला राहून घरूनच ऑफिसचं काम करता. ऑक्टोबरपासून पेडणे तालुक्यातल्या आश्वे किनाऱ्यावर, नवख्यांच्या मऊ फोम बोर्डावर सर्फिंग शिकताय. फेसाच्या पाण्यात बोर्डावर नीट उभं राहता येऊ लागलं, तेव्हा प्रशिक्षकाने मागे, जिथे सगळे लाटेची वाट बघत बसतात तिथे जायला हरकत नाही म्हटलं. तिथे तुम्ही एक लाट पकडली, उभ्या राहिलात, आणि डावीकडून येणारा एक जण जोरात ओरडला. तेव्हापासून कोणी बोलत नाही, नजर देत नाही असं वाटतंय. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘या लोकांत मला कधी जागा मिळेल, की वय, शहर आणि फोम बोर्ड बघून माझ्यावर शिक्का बसला तो बसलाच?’

जागा मिळेल. पेडण्याच्या किनाऱ्यावर मी बरीच वर्षं शिकवतोय, आणि पाण्यातल्या लोकांनी ज्यांना आपलं मानलं त्यांत फार छान सर्फिंग करणारे थोडेच होते. लाइनअपमध्ये, म्हणजे मागे लाटेची वाट बघत, बसलेल्या माणसाला तुमचा तोल किती सुरेख आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ही बाई पुढच्या क्षणी काय करेल याचा मला अंदाज येतोय का, एवढंच तो बघत असतो. अंदाज येऊ लागला की लोक सैलावतात, हसतात, सरकून जागा देतात. आणि असा अंदाज येऊ देणं ही शिकायची गोष्ट आहे, सर्फिंग चांगलं यायच्या पुष्कळ आधी शिकता येते. म्हणून वय आणि शहर हे दोन मुद्दे आधी डोक्यातून काढा. बोर्डाबद्दल मात्र बोलावं लागेल, पण तुम्हाला वाटतंय त्या कारणासाठी नाही.

आधी ती लाट. तुमच्या वर्णनावरून असं दिसतं की ती तुमच्या डावीकडे आधी फुटली आणि तिथून उजवीकडे उलगडत येत होती. तो माणूस फुटणाऱ्या टोकाजवळ होता, म्हणजे लाट त्याची. फुटणाऱ्या भागाच्या सर्वांत जवळ जो असतो, पहिला हक्क त्याचा. हा नियम हवाईपासून हरमलपर्यंत सगळीकडे तोच आहे. तुम्ही त्याच्या पुढे उभ्या राहिलात तेव्हा त्याची वाट बंद झाली. घाटाच्या वळणावर हॉर्न वाजवतात तसं ते ओरडणं होतं. त्याच्याकडे एक-दोन सेकंद होते आणि बोर्डाखाली धारदार फिन, म्हणजे माशाच्या पंखासारख्या पात्या, होत्या. त्या ओरडण्यात तुमच्याबद्दलचं मत शोधू नका. मत नंतर बनलं, आणि तेही तुम्ही त्यानंतर काय केलंत त्यावरून. तुम्ही लिहिलंय, की तुम्ही ओशाळून लांब जाऊन बसलात आणि थोड्या वेळाने बाहेर आलात. साहजिक आहे. पण तिथल्या लोकांना दिसलं ते एवढंच की या बाईंना झालेलं कळलंय की नाही, कळायला मार्ग नाही. पुढच्या वेळी तो माणूस दिसला की पॅडल करत, म्हणजे बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी मारत, जवळ जा आणि सांगा, ‘त्या दिवशी तुमच्या लाटेत आले, सॉरी. मला डावीकडे बघायचं राहिलं.’ बास. फार लांबण लावू नका. माझ्या अनुभवात दहातली नऊ माणसं इथेच निवळतात, आणि बऱ्याचदा तोच माणूस पुढची लाट आली की ‘जा, जा, तुझी!’ म्हणून ओरडतो.

आता हा नियम प्रत्यक्ष आश्व्याच्या पाण्यात पाळायचा कसा, ते सांगतो, कारण कागदावर सोपा वाटणारा हा नियम वाळूच्या किनाऱ्यावर अवघड होतो. आश्व्याला खडकांचा भाग सोडला तर तळ वाळूचा आहे. दर पावसाळ्यात समुद्र ती वाळू उचलून दुसरीकडे टाकतो, त्यामुळे लाट फुटण्याची जागा दरवर्षी थोडी बदलते. भरती-सुकतीप्रमाणे ती एका दिवसातही सरकते. खडकाळ तळावर लाट ठरलेल्या ठिकाणी फुटते, तिथे कोण आत आणि कोण बाहेर हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे मात्र एकाच लाटेला दोन-दोन टोकं फुटतात आणि दोन माणसांना एकाच वेळी आपला हक्क आहे असं प्रामाणिकपणे वाटू शकतं. म्हणून इथे तोंड उघडून बोलावं लागतं. ‘लेफ्ट!’ किंवा ‘राइट!’ असं मोठ्याने सांगायचं, म्हणजे लाटेवरून कोणत्या दिशेला जाणार ते शेजारच्याला कळतं. नवख्या माणसाला आवाज काढायला लाज वाटते. काढा. नवख्याने आवाज काढला तर कोणालाही राग येत नाही, उलट हायसं वाटतं.

पॅडल सुरू करण्याआधी दोन्हीकडे मान वळवून बघायचं. लाट चढू लागल्यावर एकदा परत बघायचं. कोणी आधीच उभं असेल तर हात थांबवायचे, बोर्डावर उठून बसायचं, म्हणजे त्याला लांबूनच कळतं की तुम्ही माघार घेतली. ही माघार दिसेल अशी घ्या. पाण्यात तुमची ओळख जितकी पकडलेल्या लाटांनी होते, तितकीच अशा सोडलेल्या लाटांनीही होते.

परत मागे जातानाही अशीच गत. लाटेवरून कोणी येतोय आणि तुम्ही त्याच्या समोर सापडलात, तर मन म्हणतं, पुढे पळून सुटू. उलट करायचं. जिकडे लाट आधीच फुटून फेस झालाय तिकडे जायचं, फेसाचा तडाखा खायचा, पण त्याची मोकळी वाट अडवायची नाही. तडाखा तुमचा, लाट त्याची. ज्या दिवशी तुम्ही जाणूनबुजून असा फेस अंगावर घ्याल, त्या दिवशी मागे बसलेले तीन-चार जण ते बघतील. कोणी काही बोलणार नाही, पण बघतील नक्की.

आता बोर्ड. फोम बोर्डामुळे तुम्हाला कोणी कमी लेखतं असं तुम्हाला वाटतंय. खरं कारण वेगळं आहे. आठ फुटांचा फोम बोर्ड पाण्यावर उंच तरंगतो, त्यामुळे लाट अजून उभीही राहिलेली नसताना तो ती पकडतो. सहा फुटांच्या कडक बोर्डावर बसलेल्याला लाट अगदी फुटायला येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे फोमवाल्याने मनात आणलं तर तो जरा मागे बसून प्रत्येक लाट आधीच उचलू शकतो, आणि पुढे बसलेल्यांच्या वाट्याला काही उरत नाही. राग येतो तो याचा. म्हणून लाटांचा सेट, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांचा गट, आला की पहिली लाट जाऊ द्या. दुसरी, तिसरी घ्या. एक लाट चालवून परत आलात की थेट टोकाजवळ जाऊन बसू नका, बाजूला थांबा, इतरांची फेरी होऊ द्या. एवढं केलंत तर तुमच्या फोम बोर्डाकडे कोणी वळूनही बघणार नाही.

आणि कृपा करून लवकर मान्यता मिळावी म्हणून छोटा कडक बोर्ड विकत घेऊ नका. दरवर्षी कोणीतरी घेतोच. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बहुतेक दिवस लाट गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. त्या लाटेवर सहा फुटी बोर्ड नवख्याला उचलतच नाही. माणूस तासभर पॅडल करून खांदे दुखवून घेतो, एकही लाट मिळत नाही आणि मग तो खरोखरच सगळ्यांच्या वाटेत येऊ लागतो. लांब, जाड, मऊ बोर्ड ही या पाण्यातली योग्य निवड आहे. आम्ही शिकवणारेसुद्धा बारीक लाटेच्या दिवशी लांबच बोर्ड घेतो.

बोर्ड सोडून देणं, हा एकच अपराध असा आहे की ज्यावर मी स्वतः पाण्यात आवाज चढवतो. मोठा फेस अंगावर आला की नवखा माणूस बोर्ड भिरकावतो आणि बुडी मारतो. पायाला लीश, म्हणजे बोर्ड बांधून ठेवणारा दोर, आहे ना, मग काय होतंय? हिशेब करा. लीश साधारण बोर्डाच्या लांबीइतकी असते. आठ फुटांची लीश, पुढे आठ फुटांचा बोर्ड, म्हणजे तुमच्या भोवती सोळा फुटांपर्यंत कोणालाही तो लागू शकतो. त्या सोळा फुटांत एखादं शाळकरी पोरही असू शकतं. लीशचा इतिहास याच धोक्याचा आहे. १९७०च्या सुमारास ती नवीन होती तेव्हा कॅलिफोर्नियात जुन्या सर्फरांनी तिची टर उडवली, नवख्यांचा दोर म्हणून हिणवलं. आणि १९७१ मध्ये वेटसूटसाठी प्रसिद्ध असलेल्या जॅक ओ’नील यांचा डावा डोळा त्याच लीशने गेला. तेव्हाची लीश रबरी नळीची असायची, ती ताणली गेली आणि बोर्ड उलटून तोंडावर आला. आताच्या लीश पुष्कळ सुधारलेल्या आहेत, तरी पडल्यावर वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती घ्यायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून हवी. बोर्ड धरून ठेवणं फेसाच्या पाण्यातच शिका. बोर्ड उलटा करून त्याखाली जायचं, दोन्ही कडा घट्ट धरायच्या, फेस वरून जाऊ द्यायचा. हे जमेपर्यंत मागे जायची घाई नको. तुमच्या प्रशिक्षकाने हरकत नाही म्हटलं असेल, पण तुम्ही स्वतःला विचारा: सलग पाच फेस अंगावर आले तर पाचही वेळा बोर्ड माझ्या हातात राहील का? उत्तर नाही असेल तर अजून काही सकाळी कमरेएवढ्या पाण्यातच काढा. तिथे हक्काचे नियम नाहीत, ओरडणारं कोणी नाही, आणि लाटा मोजून संपत नाहीत इतक्या मिळतात.

पोहण्याचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो. बोर्डाशिवाय, लीश तुटल्यावर, घाबरून न जाता दोनशे मीटर पोहून किनाऱ्याला येता येतं का? येत नसेल तर सर्फिंगच्या आधी ते. ३८ या वयात खांदे आणि गुडघे थोडे कुरकुरतील, पॉप-अपचा, म्हणजे पालथं पडलेलं असताना झटकन उभं राहण्याचा, सराव घरी चटईवर रोज करा, ते मोकळे होतात. पोहण्याला मात्र सूट नाही.

आता समुद्राची ओळख, कारण पाण्यातलं बोलणं बहुतेक यावरूनच सुरू होतं. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो ते इथे रोज भेटतात. पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतो. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुरू झाला की पाणी विस्कटतं. म्हणून सगळे सकाळी असतात. लाटेच्या उंचीपेक्षा दोन लाटांमधले सेकंद बघायला शिका. एक मीटर उंचीची लाट सहा सेकंदांच्या अंतराने येत असेल तर ती जवळच्या वाऱ्याने उठवलेली, विस्कळीत आणि कमजोर असते. तीच चौदा सेकंदांच्या अंतराने आली तर ती दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून हजारो किलोमीटर चालून आलेली असते आणि तिचा जोर कितीतरी जास्त असतो. एप्रिल-मेमध्ये अशा लाटा येऊ लागतात. हिवाळ्यात मधूनच वायव्येकडून लाटा येतात, त्यांतल्या काही पर्शियन आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या असतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यावर काम केलंय. लाटांचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था रोज देते, ते बघायची सवय लावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भर भरतीत आश्व्याची लाट किनाऱ्याला चिकटून, उथळ पाण्यात आपटते. त्या वेळी किनाऱ्यावर बसून बघणंच बरं.

आणि परतीचा प्रवाह. फुटलेल्या लाटांचं पाणी वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेने परत समुद्रात जातं. त्या वाटेवर लाट फुटत नाही, म्हणून वरून ती जागा सगळ्यांत शांत दिसते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. जाणते सर्फर त्याच प्रवाहाचा उपयोग करून कमी कष्टात मागे जातात. पण तो ओळखता येईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका. ओढले गेलात तर बोर्ड सोडू नका, किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पॅडल करत बाजूला व्हा. शापोरा नदीच्या मुखाजवळ, मोरजीच्या टोकाला, सुकतीच्या वेळी तर अजिबात नको. दृष्टी या कंपनीचे जीवरक्षक लाल बावटा लावतात तेव्हा तो तुमच्यासाठीही असतो, बोर्ड आहे म्हणून सूट नाही. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधला भाग पोहणाऱ्यांचा, तिथे बोर्ड नेऊ नका. जीवरक्षकांची ओळख करून घ्या. कुठे वाळू सरकली, कुठे ओढ आहे, हे त्यांच्याइतकं नीट कोणी सांगत नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की स्वीकार म्हणजे मागे बसलेल्या दहा-पंधरा सर्फरांचा. माझं म्हणणं याहून मोठं आहे, आणि हे मी माझ्या प्रत्येक शिकणाऱ्याला सांगतो. या किनाऱ्यावरचे खरे जुने लोक बोर्डावर बसलेलेच नाहीत. ते रापण ओढणारे आहेत. होडी अर्धवर्तुळ घेत जाळं टाकते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. ते जाळं पाण्यात उतरताना दिसलं की त्या पट्ट्यातून बाहेर यायचं. लाट कितीही चांगली असो, लगेच. फिन जाळ्यात अडकली तर जाळं फाटतं, मासळी सुटते, लीश गुंतली तर जीवावर बेततं. इथे पहिला हक्क कोणाचा हा प्रश्नच येत नाही. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन मासळी ओरबाडू लागले, तेव्हा गोव्याच्या रापणकारांनी माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला. पुढे १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. ज्या पाण्यात आपण हौसेने तरंगतो ते पाणी या लोकांनी भांडून राखलंय.

रापण ओढली जात असेल आणि तुम्ही किनाऱ्यावर असाल तर दोराला हात लावा. आधी विचारा, मग शेवटच्या माणसाच्या मागे उभं राहून इतरांच्या तालात मागे मागे चालत ओढा. हात भाजतात. ओढणाऱ्याला थोडी मासळी देण्याची जुनी रीत आहे. दिली तर आनंदाने घ्या, ‘देव बरें करूं’ म्हणा, आणि नाही दिली तरी काही बिघडत नाही. माझ्याकडे शिकलेल्या ज्या लोकांना मांद्रे-आश्व्यात आज गावातली माणसं हाक मारून बोलावतात, त्यांतल्या बहुतेकांची ओळख पाण्याआधी या दोरावर झाली. आणि गावातली पोरं जी पाण्यात तुमच्या शेजारी बसतात ती याच घरांतली असतात. त्यांच्या काकांनी तुम्हाला दोर ओढताना बघितलं की पोरांचं वागणं दुसऱ्या दिवशी बदललेलं असतं.

कासवांचंही तसंच. मोरजी आणि मांद्रे इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालतं. पहाटे अंधारात जाताना किनाऱ्यावर मोठा टॉर्च नाचवू नका, वाळूवरून बोर्ड ओढत नेऊ नका, उचलून न्या. माग दिसला तर लांबून बघा आणि वनखात्याच्या माणसांना सांगा. वाळूत पाकट लपलेली असते, म्हणून उथळ पाण्यात पाय न उचलता घासत चाला. पावसाळा सरल्यावर जेलीफिश येतात, अंगभर रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा तंग सदरा, घाला.

तुमच्या प्रश्नात एक भीती आहे: सर्फिंग हा आतल्या लोकांचा खेळ आहे आणि बाहेरच्याने दार ठोठावत बसायचं. काही ठिकाणी ते खरं आहे. लॉस एंजेलिसजवळच्या लुनाडा बे इथे एका टोळक्याने अनेक दशकं बाहेरच्या सर्फरांना दगड मारून, धमकावून पळवलं. २०१६ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. पण या खेळाचा पसारा वाढला तो अगदी उलट वृत्तीच्या माणसामुळे. ड्यूक कहानामोकू हा हवाईचा पोहणारा, १९१२ आणि १९२० च्या ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक मिळवलेला. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात तो ऑस्ट्रेलियात गेला, तिथेच लाकूड मिळवून बोर्ड तयार केला आणि सिडनीच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर लोकांना सर्फिंग दाखवलं. पंधरा वर्षांच्या इझाबेल लेथमला त्याने आपल्या बोर्डावर घेतलं. जाताना बोर्ड तिथेच ठेवून गेला. ज्याच्या पूर्वजांचा हा खेळ, त्याने तो असा देऊन टाकला.

आपल्या देशात तर हा सगळा व्यवहार अगदी कोवळा आहे. कर्नाटकात मुळकीला जॅक हेब्नर या अमेरिकन साधकाने आश्रमात सर्फिंग सुरू केलं ते २००४ च्या सुमारास. सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया २०११ ची. तमिळनाडूत कोवलमला मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं देशातले अव्वल सर्फर झाली, आणि २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहालने कांस्यपदक मिळवलं. मुंबईची इशिता मालवीय मणिपालला शिकायला असताना सर्फिंगकडे वळली, आणि पुढे कोडी बेंगरे या मच्छीमारांच्या गावात तिने आणि तिच्या जोडीदाराने क्लब काढला, गावातल्या मुलांना पोहायला आणि सर्फिंग करायला शिकवलं. तीही त्या गावात शहरातून आलेली, परकीच होती. गोव्यात बघा, आमच्या पाण्यात पेडण्याची मुलं आहेत, कर्नाटक-तमिळनाडूतून आलेले प्रशिक्षक आहेत, रशियन आहेत, मुंबई-बंगळूरचे आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचा मालक इथे कोणी नाही. रीत अजून घडतेय, आणि तुम्ही पाण्यात जसं वागाल तेही तिच्यात धरलं जाणार आहे. त्यामुळे दार उघडायची वाट बघू नका. पुढच्या हंगामात कोणी नवखी मुलगी भांबावून तुमच्या शेजारी येऊन बसली, तर तिला डावीकडे बघायला सांगणाऱ्या तुम्हीच असाल.

बाई म्हणून एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पाण्यात न मागता शिकवणारे पुरुष भेटतील. काही मनापासून मदत करतात, काहींना फक्त बोलायचं असतं. ‘धन्यवाद, आज माझं मी बघते’ एवढं पुरतं. पण कोणी न विचारता तुमचा बोर्ड ढकलला, लीश धरली, शिवीगाळ केली किंवा मुद्दाम अंगावर बोर्ड आणला, तर ते नियम शिकवणं नव्हे, ती दांडगाई आहे आणि ती सोसायची नाही. पाण्यात वाद घालू नका, बाहेर या, तिथल्या प्रशिक्षकांना आणि जीवरक्षकांना माणूस दाखवून सांगा. छोट्या किनाऱ्यावर अशा माणसाची गोष्ट लगेच पसरते आणि बाकीचे त्याला आवरतात. मी स्वतः असे प्रसंग हाताळले आहेत, आणि दर वेळी पाण्यातले बहुतेक लोक त्रास झालेल्याच्या बाजूने उभे राहिले. आमच्या गावातल्या मुली अजूनही कमी येतात. पोहणं शिकवलेलं नसतं, कपड्यांवरून बोलणी बसतात, शेजारीपाजारी बघतात. त्या किनाऱ्यावर उभ्या राहून तुमच्यासारख्या बाईला लाटेवर बघतात, आणि आठवडाभराने एखादी आईला घेऊन चौकशीला येते. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता या हंगामाचं. किनारे बदलत फिरू नका. एक आठवडा हरमल, एक आठवडा मोरजी असं केलंत तर दर वेळी तुम्ही अनोळखीच राहाल. आश्वे आणि सकाळची एकच ठरावीक वेळ धरा. गेल्या गेल्या पाण्यात शिरू नका, दोन-तीन सेट होऊन जाईपर्यंत वाळूवर बसून बघा: लाट कुठे फुटतेय, कोण कुठे बसलंय, लोक कुठून मागे जाताहेत. पाण्यात गेल्यावर जवळच्या माणसाला मान हलवून नमस्कार करा, मग टोकापासून लांब, लाट जिथे मंदावते त्या खांद्यावर बसा. तिथे उरलेल्या, कोणी न घेतलेल्या लाटा मिळतात आणि त्या तुमच्या बोर्डाला उत्तम चालतात. कोणी ‘पार्टी वेव्ह!’ म्हणून हाक मारली तर एकाच लाटेवर सगळ्यांनी मिळून जायचं असतं, तेव्हा संकोच करू नका.

एप्रिलच्या मध्यापासून लाट वाढेल. ज्या दिवशी ती छातीच्या वर दिसेल, त्या दिवशी मागे जाऊ नका, फेसातच राहा किंवा प्रशिक्षकाला सोबत घ्या. मेअखेर बोर्ड धुऊन ठेवा. जून ते सप्टेंबर हा समुद्र नवख्यांसाठी नाही. तेवढे महिने पर्वरी-म्हापशाकडे एखादा जलतरण तलाव गाठून पोहणं पक्कं करा. ऑक्टोबरमध्ये पाणी निवळलं की वाळू नव्याने बसलेली असेल आणि लाट कुठे फुटते हे आम्हा सगळ्यांनाच पुन्हा शोधावं लागेल. तेव्हा पहिल्याच आठवड्यात या.